आमच्या भिंतीवरचं अमेरिकन घड्याळ

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या वाड्याचं छप्पर यंदा उतरवायचं ठरलं आणि खर्चासाठी काकांनी ओसरीवरचं घड्याळ विकायला काढलं. सगळं मूळचं असेल तरच भाव देईन, असं गिऱ्हाइकानं बजावलं होतं. घरातला इंजिनिअर म्हणून तपासणी माझ्याकडे आली.

पेटीच्या पाठीवर अर्धं फाटलेलं लेबल आहे : अ‍ॅन्सोनिया क्लॉक कंपनी, न्यूयॉर्क. ही मूळची कनेटिकटची कंपनी १८७९च्या सुमारास ब्रुकलिनला आली आणि १९२९मध्ये तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. म्हणजे पेटी या पन्नास वर्षांतली. पितळी पत्र्यातून ठोकून काढलेल्या चाकांमुळे अमेरिकन घड्याळं स्वस्त पडत आणि जहाजांतून जगभर जात. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९०७मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११मध्ये लातूरला पोचली. आमचं घड्याळही बहुधा त्याच वाटेनं आलं असावं.

तबकडी उतरवली, तर यंत्राच्या पत्र्यावर ठसा निघाला सेथ थॉमसचा. म्हणजे दुसरीच कंपनी. मागच्या फळीवर स्क्रूची चार रिकामी भोकं. तबकडीतली किल्लीची भोकं कानशीनं वाढवलेली. कोड कुणी कधी बदलला याची नोंद आमच्या कामात आपोआप राहते. इथं ती लाकडात राहिली होती. अशा जोडणीला संग्राहक ‘लग्न’ म्हणतात आणि भाव पाडतात.

आज्जी सांगायची, रझाकारांच्या धामधुमीत घरचे सगळे बार्शीला गेले. बार्शी मुंबई प्रांतात, निजामाच्या हद्दीबाहेर. सरहद्दीवरच्या कितीतरी कुटुंबांनी तिथं आसरा घेतला होता. सप्टेंबर १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर परत आले, तेव्हा घड्याळाची नुसती पेटी उरली होती. आजोबांनी बार्शीहून दुसरं यंत्र बसवून आणलं. आम्हा पोरांना ती गोष्ट वाटायची.

पेटीच्या आत, लंबकामागं, पेन्सिलीनं लिहिलंय : ‘बार्शी, १२-४-४९’. यंत्र कुणी नेलं हे त्यावरून कळत नाही. पण आज्जी उगाच सांगत नव्हती.

गिऱ्हाइकाला मी सगळे फोटो पाठवले. त्यानं निम्मा भाव सांगितला. काकांनी फोन ठेवला, पेन्सिलीचे आकडे पुन्हा वाचले आणि म्हणाले, “पत्र्याचं बघू दिवाळीनंतर.”

घड्याळ चालू आहे. ठोके मात्र एकानं पुढं आहेत. आठला नऊ पडतात.