हाली, कलदार आणि कंट्रोल

‘जालना, सोने का पालना’ अशी आमच्या गावाची जुनी म्हण आहे. ती हिंदीत का, तर आमच्याकडे पैशाची गोष्ट निघाली की माणूस आपोआप दखनीत शिरतो; एरवी मराठी बोलतो. पाळणा सोन्याचा होता की पितळेचा, हे पाहिलेले आता कोणी उरले नाही. आमच्या पिढीला आठवते ती गोणपाटाची पिशवी, आणि ती हातात धरून उभी असलेली कंट्रोलची रांग.

रेशन हा शब्द मुंबईचा. तिथे ते दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली सुरू झाले. आमच्याकडे त्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात. “कंट्रोलला गहू आला का?” असे विचारायचे. पाटीवर ‘स्वस्त धान्य दुकान’ असते, पण पाटी वाचून कोणी दुकानात जात नाही. कंट्रोल कशावर? भावावर, असे सरकार समजे. आमची आजी म्हणायची, “भावावर कशाचा रे, आपल्या पोटावर हाय त्यो.”

महागाई म्हणजे काय, हे जालनेकराला अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता कळते. त्याचे श्रेय निजामाकडे जाते. निजामाचा रुपया वेगळा, तो हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार. सहा कलदारांचे साधारण सात हाली होत. मोंढ्यात भाव सांगितला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न, “हाली की कलदार?” वस्तू तीच, माप तेच, आणि किमती मात्र दोन! आजोबा सांगत, सावकाराचे घेणे नेहमी कलदारात असायचे आणि देणे हालीत. यातून आमच्या घराण्याने एक गोष्ट पक्की शिकून घेतली, की रुपया म्हणजे रुपया असे नसते; तो कोणाच्या हातात आहे यावर त्याची लांबी ठरते.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आले, पण हाली लगेच गेला नाही. जुन्या पाहुण्यासारखा तो 1959 सालापर्यंत ओसरीवर बसून होता. त्यातच 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. आण्याचे सहा नवे पैसे धरायचे असे ठरले. सोळा आणे गुणिले सहा, झाले शहाण्णव. आणि रुपयाचे तर शंभर! मधले चार पैसे कुठे गेले, हा प्रश्न त्या वर्षी गावातल्या प्रत्येक पारावर चर्चिला गेला. दुकानदारांच्या चेहऱ्यावरून उत्तर दिसत होते, पण पुरावा नव्हता.

मग 1972. तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्या दुष्काळाबद्दल विनोद करावा असे काही नाही. शेतकरी स्वतःच्याच तालुक्यात रस्त्यावर खडी फोडत होता आणि पोरांच्या हातावर सुकडी पडत होती. कंट्रोलला अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिचे नाव मिलो. ज्वारीच्या मुलखाने सात समुद्रांपलीकडची ज्वारी रांगेत उभे राहून घ्यायची! तिची भाकरी थापताना आजी काही बोलायची नाही. ती न बोलणे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

मुंबईत त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले आणि सरकारला घाम फोडला. आमच्याकडे भाकरी हाताने थापतात, त्यामुळे मोर्चाला न्यायला हत्यारच नव्हते. 1973 साली सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला. गहू बाजारातून असा काही गुप्त झाला की पुढच्याच वर्षी तो व्यापाऱ्यांना परत करावा लागला. वर तेलाचे जागतिक संकट. 1974-75 साली देशातले घाऊक भाव सरासरी 25 टक्क्यांनी चढले. तेव्हा सरकारने पगारदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीने ठेवीत घातला. आमचे वडील मास्तर होते. महागाई भत्त्याने महागाई वाढते, हे त्यांना वर्गातल्या मुलांना समजावता येत होते. आईला समजावता आले नाही.

1 मे 1999 पासून कार्डांना रंग आले. वर्षाला 15,000 पर्यंत मिळकत असेल तर पिवळे, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरे. आता गंमत बघा. लाखाची ती रेघ सरकारने ओढली आणि रुपयाला सांगायचे राहून गेले. रुपया बारीक होत गेला, रेघ वर्षानुवर्षे जागच्या जागी. माणूस एक दाणा जास्त न खाता गरिबीतून वर चढू लागला. महागाई म्हणजे दारिद्र्य निर्मूलनाची सर्वांत स्वस्त योजना होय.

2013 साली अन्नसुरक्षा कायदा झाला. गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये. मराठवाड्याचे सगळे जिल्हे आणि विदर्भातले काही, मिळून ज्या 14 जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या करीत होते, तिथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ऑगस्ट 2015 पासून त्याच भावात माणशी पाच किलो धान्य सुरू झाले. जालना अर्थातच यादीत. अशा यादीत आमचा नंबर कधी चुकत नाही.

2023 च्या जानेवारीपासून कायद्यातल्या लाभार्थ्यांना धान्य फुकट झाले. या केशरी शेतकऱ्यांचे धान्य मात्र बंद, आणि त्याऐवजी माणशी महिन्याला दीडशे रुपये खात्यात. ज्यांना वाटते की दोन्ही एकच, त्यांनी हालीचा काळ पाहिलेला नाही. पाच किलो गहू हा कोणत्याही वर्षी पाच किलोच भरतो. भाव दुप्पट झाला म्हणून पिशवीतला गहू अर्धा होत नाही. दीडशे रुपये मात्र खात्यात पडल्यापासूनच वाळायला लागतात. पूर्वी महागाईची काळजी सरकारने करायची होती, आता ती शेतकऱ्याकडे आली.

2024 साली दीडशेचे एकशे सत्तर झाले, हेही सांगितले पाहिजे. गव्हाचा हमीभाव 2023 ला क्विंटलमागे 2125 होता, 2025 ला 2425 झाला. म्हणजे कागदावर हिशेब जवळजवळ जुळतो. फक्त दुकानदार हमीभावाने गहू विकत नाही, आणि दळणाचे पैसे कोणत्याच कागदावर नसतात. आमच्या शेजारच्या एका म्हातारबाबांच्या घरी पाच माणसे. त्यांना वीस रुपयांच्या वाढीची बातमी वाचून दाखवली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि विचारले, “मास्तर, हे हाली का कलदार?”