हाली रुपया ते एडिट लॉग : जालन्याच्या वहीखात्याची गोष्ट

आजचा भाग हिशोबाच्या वहीवर आहे. विषय कोरडा वाटेल, पण जरा थांबा. जालन्याच्या मोंढ्यात कुठल्याही पेढीवर बसा, एक प्रश्न हमखास ऐकू येतो : जुनी टॅली चालतेय ना, मग नवं व्हर्जन कशाला घ्यायचं? सॉफ्टवेअर विकणारा याचं उत्तर पाच मिनिटांत देतो. मला मात्र ते इतिहासातून द्यायचंय. कारण जालन्याच्या व्यापाऱ्याला वही बदलायची वेळ ही काही पहिल्यांदा आलेली नाही.

निजामाच्या काळापासून सुरुवात करू. १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. ब्रिटिश मुलखात चालायचा तो कलदार. ढोबळ हिशोब असा की सात हाली म्हणजे सहा कलदार. आता विचार करा, जालन्याचा व्यापारी कापूस घेणार संस्थानात, म्हणजे हालीत. तो माल मुंबईकडे गेला की पैसे येणार कलदारात. शिवाय जालन्यात इंग्रजांची छावणीही होती, तिथला पैसा वेगळा. म्हणजे ७०० हालीचा माल ६०० कलदारला विकला, तर वहीत आकडा शंभरनं कमी दिसतो, पण तोटा एका पैशाचाही नाही! आज ज्याला आपण 'मल्टी करन्सी' म्हणतो, ते काम मुनीमजी बोरूनं करत होते.

पोलीस कारवाईनंतर हाली एकदम गेला नाही. भारतीय रुपया आला, आणि हालीही १९५९ पर्यंत वापरात राहिला. त्यातच १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. तोवर एक रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. आता रुपयाचे सरळ शंभर. त्याच सुमाराला मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले. भाव मणाचा, माल क्विंटलचा, जुनी बाकी आण्यांत आणि नवी वसुली नव्या पैशांत. एका पिढीच्या मुनीमांनी हे सगळं दहा-बारा वर्षांत पचवलं. पाढे नव्यानं पाठ केले, रकाने नव्यानं आखले.

पुढचा बदल वर्षाचा. आपल्याकडे वहीपूजन लक्ष्मीपूजनाला. कितीतरी पेढ्यांचं हिशोबाचं वर्षही दिवाळी ते दिवाळी असायचं, आणि आयकर खात्याला ते चालायचं. १९८९ पासून मात्र आयकरासाठी सगळ्यांना एप्रिल ते मार्च असं एकच वर्ष झालं. पूजा दिवाळीलाच राहिली, ताळेबंद मार्चला गेला. म्हणजे बघा, नाणं बदललं, माप बदललं, वर्ष बदललं. हे बदल व्यापाऱ्यानं मागितलेले नव्हते. ते वरून आले, आणि ज्याची वही वेळेत बदलली त्याचा माल अडला नाही.

आता वहीची दुसरी बाजू, विश्वासाची. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ३४ सांगायचं की व्यवसायात नियमितपणे ठेवलेली वही पुरावा म्हणून वाचता येईल, पण नुसत्या वहीच्या जोरावर कुणाच्या अंगावर देणं लादता येणार नाही. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा. कारण वही लिहिणारा एक आणि अंगठा उठवणारा दुसरा. त्यानंतर तीनच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावातून दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे नि वह्या हिसकावून जाळल्या. राग होता त्या कागदावर लिहिलेल्या आकड्यांवर. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. वही खरी की खोटी, हा प्रश्न आपल्याकडे घरदार राहण्याचा नि जाण्याचा होता.

म्हणूनच जुन्या पेढ्यांत शिस्त होती. वही शिवलेली. पान फाडायचं नाही. चुकलं तर खोडून गिरगटायचं नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, म्हणजे आधी काय होतं ते दिसतं. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १९८६. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवायचे. हिशोबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोयंकांना, ते लिहायला सांगितलं. पीट्रॉनिक्स नावाची कंपनी निघाली आणि त्यातून टॅली आली. भरत गोयंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पण टॅली मोंढ्यात का रुजली? त्या वेळच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खात्याला कोड नंबर द्यावा लागायचा. टॅलीत खात्याचं नाव लिहिलं की झालं, अगदी खतावणीत लिहायचो तसं. मुनीमजींना कॉम्प्युटर शिकावा लागला, पण हिशोब नव्यानं शिकावा लागला नाही.

मग व्हर्जनं येत गेली, आणि इथेही जोर कायद्याचाच. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन व्हॅट आला, त्याच वर्षी टॅली ७.२ व्हॅटची सोय घेऊन आली. पुढे टॅली ९, २००९ मध्ये टॅली ईआरपी ९. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ७.२ वर बसलेल्या पेढ्यांची खरी अडचण झाली. त्यात बेरीज बरोबर यायची, पण जीएसटीचं रिटर्न निघायचं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आली.

मग फायदा नेमका काय? तो तुमच्या धंद्यावर आहे. जालन्याचे दोन मोठे धंदे घेऊ, लोखंड आणि बियाणं.

आधी लोखंड. एमआयडीसीतल्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि सळईचे व्यापारी. सळईवर १८ टक्के जीएसटी. समजा तुम्ही १० लाखांची सळई विकली, कर झाला १ लाख ८० हजार. घेणाऱ्याला त्याचं क्रेडिट हवंय. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा की विकणाऱ्यानं ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि घेणाऱ्याच्या विवरणात ते दिसलं, तरच क्रेडिट. तुमचं बिल चढलं नाही, तर पावणेदोन लाखांहून जास्त रक्कम समोरच्याची अडकते. तो पुढच्या वेळी तुमच्याकडे येईल का?

त्यात ई-इनव्हॉइस. २०२० मध्ये ते ५०० कोटींवरच्या उलाढालीला होतं. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. ५ कोटी मोठे वाटतात ना? सळईचा भाव टनाला ५० हजार धरा. झाले १,००० टन, म्हणजे महिन्याला ८३-८४ टन. दहा टनांचे आठ-नऊ ट्रक. लोखंडाचा मध्यम व्यापारी ही रेघ सहज ओलांडतो. नव्या व्हर्जनमध्ये बिल करतानाच नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड येतो, ई-वे बिलही तिथूनच निघतं. जुन्यात तोच आकडा आधी टॅलीत, मग पोर्टलवर, दोनदा मारायचा. गाडी वजनकाट्यावर उभी, आणि आत कुणीतरी शून्य मोजतंय.

आता बियाणं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही, त्यामुळे नुसतं बियाणं विकणाऱ्याला ई-इनव्हॉइसची घाई नाही. त्याची अडचण वेगळी. प्रत्येक पिशवीवर लॉट नंबर असतो. प्रमाणित बियाण्याची मुदत तपासणीपासून साधारण नऊ महिने. उगवलं नाही म्हणून शेतकरी तक्रार घेऊन आला, तर कुठला लॉट, कुणाकडून आला, कुणाकुणाला गेला, हे सांगता आलं पाहिजे. इथे त्याचा अख्खा हंगाम पणाला लागलेला असतो. आणि कृषी केंद्रात बियाणं शून्य टक्क्यांत, खत ५ टक्क्यांत, बहुतेक कीटकनाशकं १८ टक्क्यांत. एका बिलावर तीन दर. हे डोक्यात ठेवण्यापेक्षा मशीनमध्ये ठेवलेलं बरं.

आता ती रेघ मारून दुरुस्त करायची गोष्ट. कॉम्प्युटर आला आणि शाई गेली. मागच्या महिन्याचं व्हाउचर उघडा, आकडा बदला, बंद करा, मागमूस नाही. जी गोष्ट शिवलेल्या वहीत करता येत नव्हती, ती एका बटणावर आली. कायद्यानं २००० मध्येच इलेक्ट्रॉनिक वहीला कलम ३४ मध्ये जागा दिली होती, पण तिच्यात खाडाखोड दिसायची सोय सक्तीची नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना ती सक्ती झाली. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. टॅलीप्राइममध्ये यालाच एडिट लॉग म्हणतात. मालकी पेढीला किंवा भागीदारीला ही सक्ती नाही. पण मला विचाराल तर नव्या व्हर्जनचा सगळ्यात मोठा फायदा हाच. भागीदारांत, भावाभावांत, मालक-मुनीमात भांडण लागतं ते 'हे आधी असं नव्हतं' यावरूनच.

अर्थात सॉफ्टवेअर माणसाला प्रामाणिक करत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्यानं जालन्यातल्या स्टील उद्योगांवर छापे घातले आणि ५६ कोटींहून जास्त रोकड जप्त केल्याचं जाहीर केलं. जे बिल फाडलंच नाही, ते कुठलंही व्हर्जन पकडत नाही. कच्चं-पक्कं हा निर्णय माणूसच करतो.

तर मग, घ्यायचं की नाही? कंपनी असाल, ५ कोटींच्या वर असाल, किंवा तुमचं गिऱ्हाईक क्रेडिट घेणारं असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. छोटं किरकोळ दुकान असेल, तर खर्च मोजा. परवाना एकदाच घेतला तरी अपडेटसाठी वर्षाचं सबस्क्रिप्शन लागतं. बदलताना मात्र तीन गोष्टी कराच. जुन्या डेटाचे दोन बॅकअप वेगवेगळ्या जागी ठेवा. जुन्या आणि नव्या टॅलीतली तेरीज शेजारी ठेवून प्रत्येक खात्याची बाकी जुळवा, नुसती शेवटची बेरीज नको. आणि जुना डेटा उघडता येईल अशी सोय ठेवा, कारण जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायचे असतात.

आणि हो, हे काम मार्चअखेरीला काढू नका. मुनीमजींना शिकायला वेळ द्या. हाली-कलदार, आणे-पैसे, मण-क्विंटल हे सगळं त्यांच्याच आधीच्या पिढ्यांनी निस्तरलंय, हेही ते निस्तरतील. पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या घरात जुनी वही असेल, मोडीतली किंवा मुडियातली, तर रद्दीत देऊ नका. आधी एकदा उघडून बघा.