पेशीच्या आतून येणारा निरोप

मी आयुष्यभर भाषा शिकविली. जीवशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि एका वैज्ञानिक समजुतीचा इतिहास मला बोधप्रद वाटतो, तो आपणांपुढे मांडतो.

केंब्रिजच्या लँग्ली यांनी १९०५ साली निकोटीन आणि क्युरारी यांच्या परिणामांवरून पेशीत एखादे ‘ग्राही द्रव्य’ असावे, असे अनुमान केले. पुढे असे अनेक ग्राही रेणू पेशीपटलावर आढळले. संप्रेरक चिकटले की ग्राही आत निरोप धाडतो. नंतर पेशी त्याला पटलाच्या सूक्ष्म पिशवीत घालून आत ओढते. तेथे निरोप संपला, असे ‘दृष्टिआड सृष्टी’ या न्यायाने दीर्घकाळ मानले गेले.

१९९० नंतरच्या दशकात वृद्धिघटकांच्या ग्राहींवरील संशोधनाने या समजाला तडे गेले. २००९ साली अवटु ग्रंथीच्या पेशींत आत गेलेला ग्राहीही चक्रीय एएमपी हा निरोप्या निर्माण करवीत राहतो, असे दिसले. २०१३ साली उंटवर्गीय प्राण्यांच्या प्रतिपिंडांपासून घडविलेल्या चकाकत्या खुणेने ॲड्रिनलिनचा ग्राही त्या पिशव्यांवर कार्यरत असल्याचे प्रत्यक्ष दाखविले.

‘लुप्त’ असा शेरा मारून आम्ही वाङ्मयेतिहासकारांनी किती ग्रंथांचा शोध असाच अकाली थांबविला, हे आता तपासले पाहिजे.