एका तबकडीचें परीक्षण

लोकप्रिय गाण्यावर गंभीर टीका लिहावी कीं नाहीं, हा प्रश्न पाश्चात्य सुशिक्षितांना पुष्कळ वर्षें पडलाच नव्हता. नाटकाचें परीक्षण होई, कादंबरीचें होई, बेथोव्हेनची रचना वाजविणाऱ्या वाद्यवृंदाचेंही होई. पण रस्त्यांतील पोरें जें गाणें गुणगुणत त्याची दखल फार तर विक्रीच्या आकड्यांपुरती घेतली जाई. हा शिरस्ता मोडण्यांत लंडनचें ‘टाइम्स’ पत्र आघाडीवर होतें. २७ डिसेंबर १९६३ रोजीं त्या पत्राचे संगीत-टीकाकार विल्यम मान यांनीं लिव्हरपूलच्या चार तरुणांच्या, म्हणजे बीटल्सांच्या, गाण्यांची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली. एका गाण्याच्या अखेरच्या स्वरबंधाला त्यांनीं ‘एओलियन’ ही संज्ञा दिली आणि त्याचें नातें थेट माहलर या थोर रचनाकाराशीं जोडलें. बीटल्सांपैकीं जॉन लेननला त्या संज्ञेचा अर्थ ठाऊक नव्हता. तीं परदेशी पक्ष्यांचीं नांवें वाटतात, असें तो १९८० सालीं म्हणाला. टीकाकारांची भाषा ऐकून कलावंतानें डोळे विस्फारावेत, हें आपल्याकडेही अपरिचित नाहीं.

पण मान यांचा लेख कौतुकाचा होता. प्रतिकूल मत सांगण्याचा प्रसंग आला तो साडेतीन वर्षांनीं, न्यूयॉर्क शहरीं.

१ जून १९६७ रोजीं ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा बीटल्सांचा आल्बम इंग्लंडांत प्रसिद्ध झाला. ‘आल्बम’ या शब्दालाही इतिहास आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांपलीकडे कांहीं मावत नसे. बालगंधर्वांचीं पदें ज्यांनीं तबकडीवर ऐकलीं आहेत, त्यांना ही अडचण सांगावयास नको. म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर वांटीत आणि त्या तबकड्या कागदी खिशांच्या जाड वहींत घालून विकीत. ती वही म्हणजे आल्बम. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें दीर्घकाळ चालणारी तबकडी काढली; वही गेली, नांव राहिलें. तरीही पॉप गायकाचा आल्बम म्हणजे दोन-तीन खपाऊ गाणीं आणि बाकीचें भरताड, अशीच बहुधा स्थिति होती.

‘सार्जंट पेपर’नें ती स्थिति बदलली. जाहीर जलसे सोडून दिलेले हे चौघे १९६६ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत ठाण मांडून बसले. यंत्र केवळ चार पट्ट्यांचें. चारही भरल्या कीं त्या एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावयाच्या आणि मोकळ्या पट्ट्यांवर नवे आवाज चढवावयाचे. शेवटच्या गाण्यासाठीं तर चाळीस वादकांचा वृंद बोलावला आणि चोवीस मात्राखंडांत आपापल्या वाद्याच्या अगदीं खालच्या स्वरापासून अगदीं वरच्या स्वरापर्यंत चढत जावें, एवढीच सूचना त्यांना दिली! निर्माते जॉर्ज मार्टिन यांची शिस्त नसती तर या साऱ्याचा गोंगाट झाला असता. बी. बी. सी. नें मात्र, त्यांत मादक पदार्थांचें उत्तेजन दिसतें या संशयानें, तें गाणें प्रक्षेपित करण्यास बंदी केली.

स्तुतीला ऊत आला होता. पाश्चात्य संस्कृतीच्या इतिहासांतील हा निर्णायक क्षण आहे, असें केनेथ टायनन या प्रख्यात नाट्यटीकाकारानेंही म्हणून टाकलें. अशा वेळीं, १८ जून रोजीं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें रिचर्ड गोल्डस्टीन याचें परीक्षण प्रसिद्ध झालें. वय बाविशी-तेविशीचें, ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकांत वर्षभरापूर्वीं त्यानें पॉप संगीतावर सदर सुरू केलें होतें. बीटल्सांचा तो शत्रु नव्हता, उलट चाहता होता. परंतु हा आल्बम त्याला फाजील लाडांनीं बिघडलेल्या मुलासारखा वाटला. शिंगें, प्रतिध्वनि, प्राण्यांचे आवाज यांची गर्दी फार आणि त्यांच्याखालीं गाणें अशक्त, हा त्याचा मुख्य आक्षेप. बी. बी. सी. नें बंद केलेलें तें शेवटचें गाणें मात्र त्यानें मोकळेपणानें वाखाणलें.

वाचक खवळले. निषेधाच्या पत्रांचा त्या वृत्तपत्रावर पाऊस पडला. जुलैमध्यें गोल्डस्टीनला आपल्या साप्ताहिकांत खुलासा लिहावा लागला. पुढें बऱ्याच काळानें त्यानें एक गोष्ट कबूल केली: परीक्षणाच्या वेळीं त्याच्या स्टिरिओ यंत्राच्या दोन कर्ण्यांपैकीं एक नादुरुस्त होता!

ही कबुली ऐकून हंसणारे पुष्कळ निघाले. परंतु हंसून प्रकरण मिटत नाहीं. त्या तबकडीच्या स्टिरिओ आवृत्तींत कित्येक ठिकाणीं कंठ एका बाजूस आणि वाद्यें दुसऱ्या बाजूस आहेत. एक कर्णा मुका असेल तर रचनेचें अर्धें अंग कापलें जातें, हें खरें; एवढ्यापुरता परीक्षणकार दोषी आहे आणि यंत्र तपासून पाहणें हें त्याचें कर्तव्यच होतें. पण शब्दांचा कस आणि चालीचा जोम एका कर्ण्यांतूनही कळतो. शिवाय बीटल्स स्वतः एककर्णी आवृत्तीच्याच मिश्रणाला आवर्जून हजर राहिले होते. स्टिरिओ आवृत्ति इतरांनीं थोड्या दिवसांत उरकली. आल्बममध्यें आरंभापासून अखेरपर्यंत एक सूत्र आहे, या समजुतीविषयीं तर लेननच पुढें म्हणाला कीं, त्याच्या गाण्यांचा सार्जंट पेपरच्या कल्पनेशीं कांहीं संबंध नव्हता. ज्या सलगपणाचे गोडवे गाइले गेले तो पुष्कळसा वेष्टनाचा होता, हें यावरून उघड होतें. गोल्डस्टीन चुकला तो आपल्या अंदाजाच्या प्रमाणांत. त्याचा प्रश्न अस्थानीं नव्हता.

जॉर्ज हॅरिसनच्या गाण्याबद्दल त्यानें जें लिहिलें तें आजही वाचण्याजोगें आहे. शब्द त्याला नीरस वाटले. पण भारतीय रागाचे अंश वरून चिकटविलेले नसून रचनेच्या अंगांतच मुरले आहेत, हें त्यानें अचूक ओळखलें. हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्यें पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठीं मुंबईस आला होता. ताज महाल हॉटेलाबाहेर गर्दी जमूं लागल्यावर गुरुशिष्य काश्मीरला गेले. रविशंकरांनीं आकाशवाणीसाठीं केलेल्या एका दीर्घ रचनेवरून त्याला हें गाणें सुचलें. त्याचे स्वर खमाज थाटाचे आहेत, आणि दिलरुबा कंठाच्या मागोमाग अशी चालते कीं जुन्या बैठकींतील सारंगीची आठवण व्हावी. उरलेल्या तीन बीटल्सांपैकीं एकानेंही त्यांत वाजविलेलें नाहीं.

वेष्टनावर पीटर ब्लेक आणि जान हॉवर्थ यांनीं कित्येक नामवंतांच्या प्रतिमा मांडल्या. त्यांत महात्मा गांधींचीही होती. भारतांत लोक दुखावतील व व्यापार बिघडेल या भीतीनें ई. एम. आय. कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांनीं ती काढावयास लावली. योगानंद, युक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि बाबाजी हे हॅरिसनच्या निवडीचे चार भारतीय योगी राहिले. गीतांचे शब्दही मागील बाजूस छापले, आणि पॉप तबकडीवर ही गोष्ट नवीच होती. छापलीं नाहींत तीं १५ मार्च १९६७ च्या रात्रीं दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजविणाऱ्या लंडनमधील भारतीय वादकांचीं नांवें. गोल्डस्टीनच्या परीक्षणांत तीं नाहींत, त्याच्यावर तुटून पडलेल्यांनींही विचारलीं नाहींत. तीं लोकांपुढें आलीं २०१७ सालीं, तबकडीला पन्नास वर्षें झाल्यावर.