लंडनच्या धुराची किंमत कोणी मोजायची?

१/ जुनी, अधिक धूर सोडणारी मोटार मध्य लंडनमध्ये आणायची, तर दिवसाला १२.५० पौंड भरायचे. हा नियम ८ एप्रिल २०१९ रोजी लागू झाला. परंतु धुराशी या शहराचा झगडा सात शतकांचा आहे.

२/ इ.स. १३०६ च्या सुमारास राजा पहिला एडवर्ड याने लंडनमध्ये समुद्रमार्गे येणारा दगडी कोळसा जाळण्यास मनाई केली. मात्र लाकूड महाग होत चालले होते आणि राजाने दुसरा पर्याय दिला नव्हता. आज्ञा कागदावरच राहिली.

३/ ५ डिसेंबर १९५२. कडाक्याची थंडी आणि पडलेला वारा. घराघरांतील कोळशाचा धूर शहरावर साचून राहिला. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुरके शिरल्याने ऑपेराचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

४/ पाच दिवसांनी हवा निवळली. बळींचा तत्कालीन अंदाज सुमारे ४,००० होता. पुढील काही संशोधकांनी तो १२,००० पर्यंत नेला. आरंभी टाळाटाळ करणाऱ्या सरकारला अखेर ह्यू बीव्हर यांची समिती नेमावी लागली. १९५६ मध्ये स्वच्छ हवा कायदा झाला.

५/ एडवर्डला जे साधले नाही, ते या कायद्याला साधले. धूरनियंत्रित क्षेत्रांत जुनी शेगडी बदलण्याच्या खर्चाचे दहापैकी सात हिस्से सार्वजनिक तिजोरीतून मिळत. बंदीसोबत पर्यायही आला.

६/ काळा धूर ओसरला. त्याची जागा वाहनांच्या अदृश्य विषाने घेतली. नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत.

७/ आग्नेय लंडनमधील एला अडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्यालगत राहत असे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तीव्र दम्याने तिचा मृत्यू झाला. आईच्या चिकाटीमुळे पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद झाली. ब्रिटनमधील ही अशी पहिली नोंद.

८/ ऑक्टोबर २०२१ मध्ये शुल्कक्षेत्र वाढले. त्याची दक्षिण सीमा होती हाच साउथ सर्क्युलर. सीमेवरचा तो रस्ता मात्र क्षेत्राबाहेर ठेवला गेला!

९/ २९ ऑगस्ट २०२३ रोजी सर्व बरो क्षेत्रात आले. तत्पूर्वी पाच स्थानिक परिषदा न्यायालयात हरल्या होत्या, कॅमेऱ्यांची मोडतोड झाली होती आणि अक्सब्रिजची पोटनिवडणूक याच प्रश्नावर गाजली होती. जुनी गाडी मोडीत काढण्यासाठीचे अनुदान सर्व लंडनवासीयांना खुले झाले, तेही त्याच महिन्यात.

१०/ विरोधकांची तक्रार खोटी नव्हती. ज्याच्यापाशी जुनीच गाडी आहे, त्याला रोजचे १२.५० पौंड जड जातात. परंतु हे शुल्क नव्हते, तेव्हाही धुराची किंमत कोणीतरी मोजतच होते. साउथ सर्क्युलरलगतच्या एका घराने ती सर्वांत जास्त मोजली.