मुक्तांगण (व्यसनमुक्ती केंद्र, पुणे)

व्यसनाधीन व्यक्तींवरील उपचार व पुनर्वसनासाठी पुण्यात येरवडा येथे २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेले केंद्र. संस्थापक : मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट (मृत्यू १९९७) आणि लेखक-पत्रकार डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२). उद्घाटन पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते झाले. महाराष्ट्रात या क्षेत्रात त्याआधीही कामे चालू होती. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन स्थापन करून उपचारांना योगाभ्यासाची जोड दिली होती. मात्र घरातल्या मुलाचे व्यसन चारचौघांत बोलता येते, ते लपवायचे पाप नसून इलाज करण्याजोगा आजार आहे, ही समज मराठी मध्यमवर्गात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने मुक्तांगणकडे जाते.

पार्श्वभूमी : १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून येणारे अशुद्ध हेरॉइन मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात पसरले. त्याचे बाजारातले नाव ब्राउन शुगर, बोलीतले ‘गर्द’. पुडीतली तपकिरी पूड चंदेरी कागदावर टाकायची, कागदाखाली काडी पेटवून धरायची आणि पूड वितळून निघणारा धूर नळीने ओढायचा. या प्रकाराला ‘चेसिंग’ म्हणत. दारूला शरीर पोखरायला वर्षे लागतात, गर्दला काही आठवडे पुरत. पुडी चुकली की आठ-बारा तासांत नाक-डोळे गळू लागतात, जांभयांवर जांभया येतात, कंबर आणि पिंढऱ्या ठणकतात, पोटात मुरडा येतो, झोप उडते. ओढणाऱ्यांच्या भाषेत ही ‘टर्की’. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते आणि साधारण आठवड्याभरात ओसरते. पण तेवढा आठवडा काढणे जमत नाही म्हणून कॉलेजातली मुले घरातली भांडी विकण्यापर्यंत जात. त्यांच्यासाठी ‘गर्दुल्ला’ हा शब्द याच काळात रूढ झाला आणि त्यातला तिरस्कार आजही पुरता गेलेला नाही.

स्थापना : अनिल अवचट यांनी गर्द ओढणाऱ्या मुलांमध्ये मिसळून लेखमाला लिहिली, ती पुढे ‘गर्द’ या नावाने पुस्तकरूपात आली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी या मुलांसाठी काही उभारा, पैशांचे आम्ही पाहतो, अशी तयारी दाखवली. डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्याच आवारातल्या एका इमारतीत केंद्र सुरू झाले आणि पुढे आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत स्वतःच्या वास्तूत गेले. संस्थेच्या इतिहासाची उपलब्ध साधने बहुतांशी अनिल अवचटांच्या लेखणीतून उतरली आहेत (विशेषतः ‘मुक्तांगणची गोष्ट’). त्यामुळे प्रसंग आणि माणसे त्यांत ठळक दिसतात, तर वॉर्ड रोज चालवणाऱ्या डॉक्टर बाईंचे वैद्यकीय निर्णय मागे राहतात. प्रस्तुत नोंदीच्या मते केंद्राची घडण मुख्यतः त्या निर्णयांनीच झाली.

उपचारपद्धती : निवासी उपचारांचा कालावधी ३५ दिवसांचा. पहिले काही दिवस औषधांच्या आधाराने टर्की किंवा दारू सुटल्याचा त्रास निभावला जातो. उरलेल्या दिवसांत व्यायाम, योग, साफसफाई, समुपदेशन, गटचर्चा. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची बारा पावले आणि ‘फक्त आजचा दिवस’ व्यसनापासून दूर राहायचे, हे सूत्र इथेही वापरले जाते. जन्मभर पिणार नाही अशी शपथ व्यसनी माणसाने घरी दहादा घेतलेली असते. आजचा दिवस मात्र त्याला झेपतो. मारहाण करून किंवा डांबून व्यसन सोडवण्याचा प्रकार त्या काळी सर्रास होता आणि काही ठिकाणी अजून आहे. डॉ. अनितांनी तो मुळातच नाकारला. उपचार घेणाऱ्याशी आदराने वागायचे, हा त्यांचा दंडक कार्यकर्त्यांनाही बांधून ठेवत असे.

कार्यकर्ते : इथले वेगळेपण सर्वाधिक दिसते ते कर्मचाऱ्यांत. येथे बरे झालेलेच पुढे समुपदेशक आणि वॉर्डातले कार्यकर्ते झाले. नव्याने दाखल झालेला मुलगा थापा मारू लागला की समोरच्याला त्या पाठ असतात, कारण त्याने स्वतः त्याच मारलेल्या असतात. ‘तुम्हाला काय कळणार’ हे वाक्य इथे चालत नाही. टर्कीत तळमळणाऱ्याला सात दिवसांनी हे थांबते असे डॉक्टरने सांगणे वेगळे आणि त्याच खाटेवर झोपून गेलेल्याने पाय चेपत सांगणे वेगळे. बरे झालेल्याला काम, पगार आणि मान मिळतो. पुन्हा न घसरण्याचे कारणही त्याला रोज समोर दिसत राहते. मानसोपचारातील पदवीधरांना हे मान्य व्हायला वेळ लागला, आणि अनुभवाच्या जोडीला प्रशिक्षण हवे हा त्यांचा आग्रहही रास्तच म्हणावा लागेल.

कुटुंब : व्यसनी माणसाबरोबर घरही आजारी पडते, या जाणिवेतून पत्नींसाठी ‘सहचारी’ हा गट चालवला जातो. नवऱ्याची उधारी फेडणे, कामावर खोटे निरोप देणे, शेजाऱ्यांपासून झाकणे, यांतून आपण व्यसनालाच टेकू देत होतो हे बायका इथे एकमेकींकडून शिकतात. उपचार संपल्यावर गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका होतात. पुन्हा घसरलेल्याला (‘स्लिप झाला’) दार बंद नसते.

स्त्रिया : व्यसनाधीन स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे.

प्रतिबंध आणि बदलते चित्र : डॉ. अनितांच्या निधनानंतर कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी कामाची धुरा घेतली. गर्दची लाट ओसरत गेली तशी दारूच्या रुग्णांची संख्या वाढली, पुढे मोबाइलच्या अतिवापरावरही काम सुरू झाले. शाळा-कॉलेजांतून जागृतीचे कार्यक्रम होतात. धोक्याचे वय मात्र खाली सरकले आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचे (व्हाइटनर, सोल्युशन इ.) प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आढळले. मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाण असलेला हा अमली पदार्थांचा एकमेव गट. पुण्या-मुंबईत पसरलेले ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या यादीत आले. ते सुटताना गर्दसारखी शारीरिक टर्की फारशी होत नाही. येते ती खिन्नता, चिडचिड आणि ओढ, आणि त्यावर ठरलेले पर्यायी औषध नाही. गटचर्चा आणि सोबत यांचे मोल अशा वेळी वाढते.

मूल्यमापन : बरे होण्याचे प्रमाण सहा महिने, वर्ष की पाच वर्षे धरायचे, यावर उत्तर बदलते, त्यामुळे केंद्रा-केंद्रांची तुलना जपूनच करावी. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे पर्यायी औषध दीर्घकाळ द्यावे की संपूर्ण वर्ज्यतेचाच आग्रह धरावा, याबाबत तज्ज्ञांत दोन मते आहेत. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुईने नशा करणाऱ्यांना असे औषध दिले जाते.

कायदा : १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सेवन हाही गुन्हा आहे. मात्र कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने आपण होऊन मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्थांचा समावेश मानसिक आजारांत आहे. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरातच लपवून ठेवणाऱ्या पालकांना कलम ६४-अ ची तरतूद सहसा ठाऊक नसते. त्यांनी आधी मान्यताप्राप्त केंद्र गाठावे किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर विनाशुल्क फोन करावा.