सैन्य नेमकं कोणाचं?

पोलंडमध्ये एके काळी शिंप्याच्या टेपला फार किंमत होती. कपडे मापायची तीच साधी टेप, दीडशे सेंटिमीटरची. सक्तीच्या लष्करी सेवेत असलेल्या पोराचे शेवटचे दीडशे दिवस उरले की तो ही टेप खिशात बाळगायला लागायचा आणि रोज एक सेंटिमीटर कापून टाकायचा. टेप संपली की सुटका. मग रंगवलेला मोठा रुमाल खांद्यावर टाकून पोरांचे घोळके आरडाओरडा करत ट्रेनमध्ये चढायचे आणि घरी जायचे.

२००८च्या डिसेंबरमध्ये सक्तीनं बोलावलेली शेवटची तुकडी बराकीत दाखल झाली. त्यानंतर पोलंडनं सक्तीची सेवा थांबवली. कायद्यात शब्द वापरला होता 'स्थगित'. 'रद्द' नव्हे. तेव्हा या फरकाकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. पंतप्रधान होते डोनाल्ड टुस्क.

७ मार्च २०२५ रोजी हेच टुस्क पुन्हा पंतप्रधान म्हणून संसदेत उभे होते. देशातल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला लष्करी प्रशिक्षण घेता येईल अशी योजना आखतोय, असं त्यांनी सांगितलं. सक्ती परत आणत नाही, हेही सांगितलं. मधल्या काळात शेजारच्या युक्रेनवर रशियानं मोठं आक्रमण केलं होतं. नोव्हेंबर २०२२मध्ये युक्रेनच्या सीमेजवळ प्शेवोदूफ नावाच्या पोलिश गावात एक क्षेपणास्त्र पडलं आणि दोन माणसं मेली. युद्ध किती जवळ आलंय हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही. सातारा-कोल्हापूरकडे 'भरती' म्हटलं की पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आठवतात. जागा कमी, उमेदवार जास्त. त्यामुळे पोलंडमधल्या वादाचं आपल्याला नवल वाटू शकतं. एवढा लढवय्या म्हणून ओळखला जाणारा देश, मग बोलावणं आलं की तिथली पोरं आणि त्यांचे आईबाप इतका विचार का करतात? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. त्यांच्या आजोबा-पणजोबांना सैन्यानं अनेकदा नेलं. ते सैन्य बहुतेक वेळा दुसऱ्याचं होतं.

परक्याच्या गणवेशात

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंड वाटून घेतला. पुढची १२३ वर्षं नकाशावर हा देशच नव्हता. पोलंडचं आजचं राष्ट्रगीत या काळातलं आहे. १७९७ साली ते लिहिलं गेलं इटलीत, आणि ज्या पोलिश सैनिकांसाठी लिहिलं ते लढत होते नेपोलियनच्या झेंड्याखाली. हिशोब सरळ होता. आपण नेपोलियनला मदत करू, तो आपला देश परत मिळवून देईल.

नेपोलियननं त्यातल्या पाच हजारांहून अधिक सैनिकांना कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर धाडलं. आजचं हैती ते हेच. तिथल्या काळ्या गुलामांनी स्वातंत्र्यासाठी बंड केलं होतं आणि ते चिरडायचं काम या पोलिश सैनिकांना दिलं होतं. स्वतःचा देश सोडवायला निघालेली माणसं दुसऱ्यांना गुलाम ठेवायला पोचली. बहुतेक जण पीतज्वरानं मेले. काही जण बाजू बदलून बंडखोरांना जाऊन मिळाले. हैती स्वतंत्र झाल्यावर १८०५च्या राज्यघटनेनं गोऱ्या माणसांना तिथे मालमत्ता घ्यायला बंदी केली. त्यातून ज्यांना सूट मिळाली त्यांत पोलिश लोक होते.

भरतीविरुद्ध उठाव

१८६३च्या जानेवारीत रशियाच्या ताब्यातल्या वॉर्सामध्ये एका रात्री दारं ठोठावली गेली. शहरातली राजकीय, गडबड करणारी तरुण पोरं हेरून त्यांच्या नावांच्या याद्या केल्या होत्या. त्यांना रशियन सैन्यात वर्षानुवर्षांसाठी भरती करायचं, म्हणजे बंडाचा धोकाच मिटेल, असा बेत होता. बेत आखणारा अधिकारी, व्येलोपोल्स्की, स्वतः पोलिश उमराव होता. बरीच पोरं आधीच पळून जंगलात गेली होती. आठवडाभरात, २२ जानेवारीला, उठाव जाहीर झाला. एका मोठ्या राष्ट्रीय उठावाची ठिणगी पडली ती सक्तीच्या भरतीतून.

उठाव चिरडला गेला. लोकांना फाशी झाली, हजारोंना सायबेरियात धाडलं. त्यात लढलेला सोळा वर्षांचा एक पोरगा जखमी झाला, पुढे तुरुंगात गेला आणि सुटला. मोठेपणी तो बोलेस्वाफ प्रुस या नावानं लिहायला लागला आणि पोलंडचा फार मोठा कादंबरीकार झाला. प्रुस आणि त्याच्या पिढीनं वेगळाच सूर लावला. रक्त सांडून झालं, आता शाळा काढा, कारखाने उभारा, शहरं स्वच्छ ठेवा, बायकांना शिकवा. वॉर्सात 'उडतं विद्यापीठ' भरायचं. रशियन पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून वर्ग आज या घरात, उद्या त्या घरात. मारिया स्क्वोदोव्स्का नावाची मुलगी तिथे शिकली. पुढे पॅरिसला जाऊन ती मारी क्यूरी झाली.

तेव्हापासून पोलंडमध्ये देशप्रेमाच्या दोन वाटा सांगितल्या जातात. एक लढण्याची, दुसरी काम करण्याची. दोन्ही वाटांवरची माणसं एकमेकांना आजही टोमणे मारतात.

आजोबांचा गणवेश

पहिल्या महायुद्धात लाखो पोलिश पुरुष रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या तिन्ही सैन्यांत होते. समोरच्या खंदकातला माणूसही पोलिश असू शकत होता. ११ नोव्हेंबर १९१८ला देश परत मिळाला. १९२०च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या वेशीवर आलेल्या रशियाच्या लाल सैन्याला पोलिश सैन्यानं मागे रेटलं. म्हणून १५ ऑगस्ट हा त्यांचा सेनादिन. आपल्या पणजोबांचं सैन्य आपलं होतं आणि ते जिंकलं, असं बिनधास्त सांगता येणारी ही दुर्मीळ गोष्ट आहे.

एकोणीस वर्षांत तेही संपलं. १ सप्टेंबर १९३९ला पश्चिमेकडून जर्मनी घुसला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत संघ. जर्मनीनं आपल्या देशात जोडलेल्या भागांतली पोलिश पोरं सरळ जर्मन सैन्यात ओढली. युझेफ टुस्क हे त्यातलेच एक. आधी जर्मनांनी त्यांना छळछावणीत टाकलं होतं आणि १९४४मध्ये त्यांनाच जर्मन गणवेश चढवला. काही महिन्यांतच त्यांचं नाव पश्चिमेकडच्या पोलिश सैन्यात आढळतं. २००५च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांचा नातू डोनाल्ड टुस्क उभा होता. 'याचा आजोबा हिटलरच्या सैन्यात होता' असा गाजावाजा विरोधी गोटातून झाला. पहिल्या फेरीत पुढे असलेले टुस्क दुसऱ्या फेरीत हरले. साठ वर्षांपूर्वीचा सक्तीचा गणवेश असा नातवाच्या प्रचारात उगवतो.

पूर्वेकडची गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. सोव्हिएत संघानं लाखो पोलिश लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकललं. हिटलर उलटल्यावर स्टालिननं यातल्या पुरुषांचं एक पोलिश सैन्य उभं राहू दिलं. सेनापती होते जनरल अँडर्स. १९४२मध्ये हे सैन्य इराणमार्गे बाहेर पडलं आणि सोबत बायका-मुलंही निघाली. त्यातली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक स्त्रिया आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं.

मुलं वळिवड्यात धुळाक्षरं गिरवत होती तेव्हा अनेकांचे बाप आणि भाऊ इटलीत लढत होते. १८ मे १९४४ला माँटे कॅसिनोच्या मठावर पोलिश सैनिकांनी झेंडा लावला. त्याच डोंगरावर काही महिने आधी भारतीय सैनिकांनीही रक्त सांडलं होतं. पण फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टा इथल्या बैठकीत पोलंडचा पूर्वभाग सोव्हिएत संघाकडे जाणार हे ठरलं. वळिवड्यातल्या अनेक कुटुंबांची घरं नेमकी त्याच भागात होती. लढाई जिंकली, गाव गेलं.

तेव्हा पोरांना पाठवायला हवं होतं का?

त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९४४ला, वॉर्सात भूमिगत सैन्यानं जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. सोव्हिएत सैन्य नदीपलीकडे येऊन पोचलं तरी उठाव वाचला नाही. दीड ते दोन लाख नागरिक मेले असा अंदाज सहसा दिला जातो. उरलेलं शहर जर्मनांनी पद्धतशीरपणे पाडलं.

हे सैन्य पूर्णपणे पोलिश लोकांचं होतं, स्वेच्छेनं लढणारं होतं. तरीही वाद संपलेला नाही. खुद्द अँडर्स या उठावाच्या विरोधात होते. एक बाजू म्हणते, लढलो नसतो तर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं. दुसरी म्हणते, एका पिढीतली सगळ्यात चांगली पोरं आणि अख्खी राजधानी गमावून काय मिळवलं? वॉर्साच्या जुन्या तटापाशी एका लहान मुलाचा पुतळा आहे. डोक्यावर मोठ्या माणसाचं हेल्मेट, हातात बंदूक. कोणी तिथे फुलं ठेवतं. कोणी विचारतं, एवढ्या लहान पोराच्या हातात बंदूक असणं ही अभिमानाची गोष्ट आहे की मोठ्यांच्या अपयशाची?

त्यानंतरच्या कम्युनिस्ट काळात सैन्य नावानं पोलिश होतं. १९७०च्या डिसेंबरमध्ये ग्दान्स्क, ग्दिनिया आणि आसपासच्या शहरांत त्यानं कामगारांवर गोळ्या झाडल्या. १३ डिसेंबर १९८१ हा रविवार होता. लहान मुलं सकाळी टीव्हीवर आवडता कार्यक्रम लागायची वाट बघत होती. त्याऐवजी गणवेशातले जनरल यारुझेल्स्की दिसले. मार्शल लॉ लागू झाला होता. चौकाचौकात शेकोटीभोवती सक्तीच्या सेवेतली एकोणीस-वीस वर्षांची पोरं उभी होती, बहुधा स्वतःच्या भावाबहिणींवर पहारा देत. शिंप्याची टेप रोज का कापली जायची, हे इथे नीट कळतं.

आता

आज एकोणीस वर्षांच्या प्रत्येक पोलिश मुलाला एक पत्र येतं. समितीपुढे जायचं, डॉक्टर तपासतात आणि सेवेला योग्य असल्यास 'अ' श्रेणी मिळते. मग तो घरी जातो. २०२२च्या नव्या कायद्यानं ऐच्छिक सेवेची वाट उघडली आहे. आधी २७ दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, हवं तर पुढे आणखी काही महिने. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी सराव करायचा असेल तर प्रादेशिक संरक्षण दल आहे. राज्यघटनेत देशाचं रक्षण हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. ज्याच्या श्रद्धेला किंवा तत्त्वांना शस्त्र पटत नाही, त्याच्यासाठी पर्यायी सेवेची तरतूदही तिथेच आहे.

हे सैन्य पोलंडचं आहे, ते निवडून दिलेल्या संसदेला उत्तर देतं आणि १९९९पासून देश नाटोत आहे. म्हणजे पणजोबांचं जुनं उत्तर, 'ते सैन्य आमचं नाही', या मुलाला वापरता येत नाही. त्याच्यासमोर १९४४चा प्रश्न उरतो. सैन्य आपलंच आहे, पण आपल्या जिवाचा हिशोब करणारी माणसं शहाणी आहेत का? मित्रदेश या वेळी नदीपलीकडे थांबतील की येतील?

काही जण २७ दिवसांसाठी नाव नोंदवतात. काही जण म्हणतात, मी इंजिनीअर आहे, देशाला माझा उपयोग इथेच जास्त. काही जण गरज पडली तर परदेशी जाऊ असं मनात धरून असतात. यातल्या कोणाला भित्रा किंवा शूर ठरवण्याआधी प्रुसची आठवण ठेवायला हवी. सोळाव्या वर्षी तो बंदूक घेऊन जंगलात गेला आणि मोठेपणी शहराच्या स्वच्छतेवर वर्तमानपत्रात लिहीत बसला. पोलंड त्याला दोन्हींसाठी आपला मानतो.

दर १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता वॉर्सात भोंगे वाजतात आणि रस्त्यावरचे लोक, गाड्या जागच्या जागी थांबतात. त्या गर्दीत खिशात 'अ' श्रेणीचा कागद असलेली पोरंही असतात. मग भोंगे थांबतात आणि सगळे पुन्हा चालायला लागतात.